मध न खाणारी पाहुणी

पोराचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी अंगणात खाटेवर पापड वाळत घालत होती. आमच्या गावात त्या वर्षांत टॉवर नवा होता. घरात रेंज लागत नसे, जे बोलायचं ते अंगणात, साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असं.

"आई, एक पोरगी आहे. घेऊन येऊन राहिलो. तुले पाहाले."

"मी तिले पाहू का ते मले पाहीन?"

"दोनी," म्हणाला आणि हसला. मग जरा घुटमळला. "ते दूध नाई घेत, आई. दही नाई, तूप नाई. मटन, मासे, अंडे तं नाईच नाई."

"कोनत्या बुवाचा पंथ होये बाबा हा?"

"पंथ नाई. व्हीगन म्हनतात. जनावरापासून आलेलं काईच खाचं नाई."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पोरगी आमच्यातली नाही हे पोरानं आधी कधीतरी सांगून ठेवलं होतं. कोणाची, ते मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. आता त्या घरची पोरगी आमच्या घरी पहिल्यांदा येणार, आणि यायच्या आधीच तिच्या न खाण्याची यादी येऊन पोचली. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?

माझं शिक्षण चौथी. पुढचं सगळं विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि अंगणवाडीच्या नोकरीवर. सेविका म्हणून तीस वर्षं काढली, त्यात न खाणारी माणसं फार पाहिली. सासऱ्यांनी छप्पनच्या मागेपुढे धम्म घेतला, घरातल्या जुन्या मूर्ती तलावात सोडल्या, पण लोकांच्या मनातलं कोणत्या तलावात सोडणार? कोणी तोंडावर काही बोलत नाही. आपला उपास निघतो. पोट बिघडतं. "आत्ताच जेवून आलो जी" होतं. आमच्याकडे तपासणीला एक मॅडम यायची, तिला बारा महिने ॲसिडिटी. चहा म्हटलं की छातीला हात. आणि एक दिवस मी रजिस्टर द्यायला पाटलीनबाईच्या घरी गेली, तर मॅडम तिथं ओसरीवर बशीत ओतून चहा पिऊन राहिली होती! मला पाहून ठसका लागला तिला. मी म्हटलं, "मॅडम, हळू. ॲसिडिटी वाढीन."

तेव्हापासून मी शहाणी झाली. न खाण्याचं कारण कितीही मोठं आणि नवं असो, मी आधी विचारते, हे दुसऱ्या घरी खातात का?

तर ते दोघं आले. पोरगी उंच, केस कापलेले, पायात बूट, पाठीवर पिशवी आणि पिशवीला पाण्याची बाटली. बाटली मी आधी पाहिली, चेहरा नंतर.

आता चहाचं काय करावं? बिनदुधाचा चहा आमच्याकडे आजाऱ्याला देतात नाहीतर मयतीच्या घरी. पहिल्यांदा आलेल्या पोरीला कोरा चहा द्यायचा म्हणजे माझ्याच जिवाला लागत होतं. म्हणून मी काय केलं, देवरीच्या बाजारातून मध आणून ठेवलं होतं. आमच्याकडे शहद म्हणतात. जंगलाकडचा एक म्हातारा आणतो, जुन्या दारूच्या बाटलीत. त्याच्यावरही माझा काडीचा भरवसा नाही. गुळाचा पाक करून विकणारे काही कमी नाहीत. मी त्याच्यासमोरच वाटीभर पाणी मागवते, थेंब सोडते. तळाला गोळीसारखा बसला तर ठीक. मग कापसाची वात बुडवून काडी लावते. म्हातारा दर वेळी म्हणतो, "माय, घेतं तं घे, माही परीक्षा कायले घेतं?" मी म्हणते, "तुही नाई बाबा, शहदाची घेऊन राहिली." पण तो काही खुळा नाही, त्याला समजते कोणाची घेऊन राहिली ते.

असं पास झालेलं मध मी कोऱ्या चहात घातलं, लिंबू पिळलं, आणि घरातला चांगला कप काढला.

पोरीनं कप नाकाजवळ नेला. थांबली.

"काकू, यात मध आहे का?"

"आहे ना. जंगलातलं, अस्सल."

"मग नको मला. सॉरी काकू. मी मध पण नाही खात."

आणि कप खाली ठेवला. भरलेला.

माझ्या पोराचं तोंड इतकं झालं. तो घाईघाईनं म्हणाला, "आई, मी सांगाचं इसरलो." कप उचलला आणि आत गेली. भरलेला कप हातात घेऊन आत जाणं मला नवं नव्हतं. पण पोटच्या पोरानं आणलेल्या माणसाचा कप पहिल्यांदा नेत होती.

दूध एक वेळ समजलं. गाय आपल्या वासरासाठी देते, ते आपण ओढून घेतो, पोरगी हळव्या मनाची असेल. पण मध? मधाला कोणती आई आणि कोणतं वासरू? झाडावरचं झाडावरून आलं, ना कोणाच्या चुलीवर शिजलं. तेही नको? मी चुलीजवळ बसून म्हटलं, बाई, हे पोरगी हुशार आहे. हिनं यादीच एवढी लांब केली की आपल्या घरात काही उरूच नये.

जेवायला वाढलं तेव्हा भात, लाखोरीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी केली होती. वाढून मी आतच बसली. तिनं हात लावला नाही तर ते पाहायची माझी इच्छा नव्हती. थोड्या वेळानं बाहेर आली तर ताट स्वच्छ. भाताचं शीत नाही. मी पोराकडे पाहिलं. तो ढेकर देऊन राहिला होता. माझी खात्रीच झाली की तिचं ताट यानंच संपवलं. लहानपणापासून त्याची ती सवय, नावडती भाजी असली की शेजारच्याच्या ताटात. आता कोणाची तरी नावडती याच्या ताटात.

"दोघायचं जेवला का रे?" मी विचारलं.

"काऊन?"

"असंच. ढेकर मोठा आला म्हून."

दुपारी पोरगा मित्राकडे गेला आणि मी तिला धरली. ओसरीवर बसवलं, समोर मधाची बाटली ठेवली. म्हटलं, "पोरी, तू शिकलेली आहे. मले समजून सांग, यात का वाईट आहे?"

तिनं सांगितलं. मधमाश्या ते स्वतःसाठी जमवतात. फुलांना हजारो खेपा घालतात तेव्हा कुठं चमचाभर होतं. त्यांचं थंडीपावसातलं अन्न असतं ते. आपण धूर करून त्यांना हाकलतो आणि घेऊन येतो.

"मले नको सांगू," मी म्हटलं. "माहा मामा मोहोळ काढे. मी खाली पळसाची पानं घेऊन उभी राहू. धूर बी पाहिला, आन् पोळं पिरगाळलं म्हंजे त्यातले पिल्लं कसे चिरडतात ते बी पाहिलं. पांढरे पांढरे. मामा तं तेबी खाये."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता उठून जाते. पण ती म्हणाली, "मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, काकू."

असं गोड बोललेलं मला आवडत नाही. मी म्हटलं, "आन् भात? धानावर तुडतुडा आला की आम्ही फवारा मारतो. लाखो मरतात. बांध्या नांगरतो तवा गांडूळ कापले जातात. धान साठवाच्या ढोलीत उंदीर मारतो. एका मानसाच्या भातासाठी किती जीव जातात ते मोजलं का तुमच्या त्या व्हीगनवाल्यांनी?"

"मोजता येत नाही," ती म्हणाली. "टाळता येईल तेवढं टाळायचं. भात टाळला तर मी मरेन. मध टाळलं तर काहीच होत नाही मला."

"सगळेच टाळतात का तुमच्यातले?"

"नाही. आमच्यातही यावरून भांडणं आहेत. काही जण म्हणतात माशी म्हणजे गाय नव्हे, मध चालतं. माझी एक मैत्रीण खाते."

"पाहा! म्हंजे पटलं तं खाचं, नाई पटलं तं नाई."

"तसंच म्हणा." आणि हसली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पण काकू, तुमच्या भिंतीवर तर लिहिलंच आहे. न दिलेली वस्तू घेणार नाही. मधमाशी देते का?"

आमच्या भिंतीवर पंचशील लावलेलं आहे, मराठीत, अर्थासकट. रोज संध्याकाळी मी म्हणते. एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात माशी आली नव्हती. मला राग आला. आमच्याच भिंतीवरचं आम्हालाच वाचून दाखवते! मी म्हटलं, "बुद्धानं बी शहद घेतलं होतं. जंगलात माकडानं आनून देल्लं. आधी नाई घेतलं, त्यात अंडे-पिल्लं होते. माकडानं ते निवडून काढले, मंग घेतलं."

"माकडानं दिलं ना," ती म्हणाली. "माशीनं कुठं दिलं?"

मी बाटली उचलून आत नेली.

पण वादात हरली म्हणून संशय गेला असं समजू नका. उलट वाढला. एवढं पाठ केल्यासारखं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या ॲसिडिटीवाल्या मॅडमलाही ॲसिडिटीचं सगळं पाठ होतं, कोणत्या गोळीनं काय होते ते. माझ्या पोराचं आयुष्य होतं हे. लग्न करून तो त्या घरात जाणार-येणार. तिथं त्याला वेगळ्या कपात चहा मिळाला तर तो मला सांगणारही नाही. हसून घालवेल, बापासारखा. त्याचा बाप तसाच हसत हसत गेला. म्हणून मला आत्ताच, लग्नाच्या आधीच समजायला हवं होतं. नाहीतर मी होकार देणार नव्हती, पोरगा रुसला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "चाल, तुले गाव दाखवते," आणि सरळ पाटलीनबाईच्या घरी नेलं.

पाटलीनबाई म्हणजे आमच्या गावातलं मोठं घर. धानाची शेती, चार म्हशी, माळव्यातून आलेल्या पूर्वजांच्या गोष्टी. तिच्या सासूच्या काळी आम्हाला ओसरीच्या पायरीवर बसावं लागे. ही सून आली तसं जरा बदललं. आता ती मला खुर्ची देते, मला "बाई" म्हणते, अंगणवाडीची बाई म्हणून. चहाही देते, आणि कप वेगळा आहे का ते मी तपासून पाहिलेलं आहे. वेगळा नाही. दांडी तुटलेला असतो, पण तिच्या घरात सगळ्याच कपांच्या दांड्या तुटलेल्या आहेत.

माझा हिशेब सरळ होता. पोरगी इथं दूध प्यायली, तूप खाल्लं, मध चाटलं, की पकडली गेली.

"पाटलीनबाई, माही पाहुनी आहे, पुन्याची. काई द्या जी पोरीले," मी मुद्दाम म्हटलं.

पाटलीनबाई आनंदानं आत गेली. म्हशीच्या दुधाचा चहा आला, साय तरंगत असलेला. वाटीत लाडू आले, तुपाचा वास अंगणापर्यंत.

"काकू, मी दूध-तूप नाही घेत," पोरगी म्हणाली. "रागावू नका."

"काऊन? उपास आहे का?"

"नाही, उपास नाही."

"मंग? डाक्टरनं सांगतलं?"

"नाही, मी खातच नाही. प्राण्यांकडून आलेलं काही."

पाटलीनबाई गोंधळली. मी पुढं सरकली. "शहद द्या मंग. ते बिना चुलीचं राहते."

मी बोलली आणि पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. काल दुपारी अर्धा घंटा जिनं समजून घेतलं तीच आज शहद द्या म्हणून राहिली. पाटलीनबाईनं आतून बरणी आणली, चमचा भरला, तिच्या तोंडापुढं धरला, लहान लेकराला धरावा तसा.

"नको काकू. खरंच नको."

चमचा हवेतच राहिला. आणि पाटलीनबाईचं तोंड मी पाहिलं. लाल झालं होतं. तिच्या घरात जन्मात कोणी नको म्हटलं नव्हतं. तिला समजेच ना, या नकोचं करायचं काय, ठेवायचं कुठं. मला मात्र ते तोंड ओळखीचं वाटलं. मी ते आरशात पाहिलं होतं. खोटं कशाला सांगू, मनातून मला जरा बरंच वाटलं. चांगल्या माणसानं असं लिहू नये, पण वाटलं.

"बाई," ती मला म्हणाली, "हे पोरगी तं माह्या घरचं बी नाई खात वो!"

त्या "बी"वर मी थांबली. म्हणजे माझ्या घरचं लोक खात नाहीत हे तिला इतकी वर्षं माहीत होतं. कधी बोलली नव्हती.

पोरगीच मग म्हणाली, "काकू, मला पाणी द्या ना. आणि काल आमच्याकडे भात इतका छान होता, तुमचा पण तोच तांदूळ का?"

"आमच्याकडे" म्हणाली ती. मी ऐकलं.

परत येताना आम्ही बांधावरून आलो. ती पुढं, मी मागं. आणि चालता चालता मला सुचलं ते मला आदल्या दिवशीच सुचायला पाहिजे होतं, पण संशयाला एकच डोळा असतो.

पाटलीनबाईची सासू आमच्या मामाकडचं मध घेत होती. आनंदानं. मामा पळसाच्या द्रोणात नेऊन पायरीवर ठेवायचा, ती उचलायची. आंबे घेत होती, मोहफुलं घेत होती, कच्चं धान तर पोत्यानं घेत होती. मधाला, फळाला, कच्च्या दाण्याला शिवाशिव लागत नसे. विटाळ होता तो पाण्याला आणि शिजलेल्याला. आमच्या घरचा भात, आमच्या मडक्यातलं पाणी. जे आम्हाला टाळत होते ते मध घेत आणि भात टाळत. आणि ही पोरगी भात खाऊन राहिली आणि मध टाळून राहिली. हिनं तर सगळं उलटं केलं होतं!

मी तिला तिथंच थांबवलं.

"काल तुह्या ताटातलं कोनं खाल्लं?"

"मीच. का?"

"समदं?"

"भाजी दोनदा घेतली, काकू. तुम्ही आत होता."

"आन् तुह्या बाटलीत पानी कोनतं आहे?"

तिनं बाटली पाहिली, मला पाहिलं. "तुमच्या मडक्यातलं. सकाळी भरलं. का, उकळून घ्यायचं होतं का?"

मी म्हटलं, "नाई. चाल. ऊन होऊन राहिलं."

झालं, असं वाटलं मला. पोरगी पास. पण पोरीच्या मागं तिचं घर होतं, आणि ते घर दोन महिन्यांनी माझ्या दारात आलं.

तिची आईच आली, पोरीसोबत. वडलांना सुटी मिळाली नाही म्हणे. बाई नीटस, बोलायला गोड. घराचं कौतुक केलं, अंगणातल्या जास्वंदीचं केलं, माझ्या वाचनाचं केलं. खुर्चीवर मात्र पुढच्या कडेवर बसली, गाडी पकडायची असल्यासारखी. पोरगी आत माझ्यासोबत वाढायला लागली.

"तुम्ही उगाच त्रास घेतलात," बाहेरून आवाज आला. "माझा आज उपास आहे हो."

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं.

"आई, आज कसला उपास?" पोरीनं विचारलं.

"अगं, एकादशी नाही का."

दिनदर्शिका भिंतीवरच होती. मी मान वळवली नाही. घरी आलेल्या माणसाचं खोटं भिंतीवर शोधू नये, एवढं मी पाळते. पण पोरीनं मान वळवली. तिनं दिनदर्शिका पाहिली, नीट पाहिली, आणि ताट वाढायला वळली.

"काही तरी घ्या जी," मी म्हटलं.

"बरं, तुम्ही एवढं म्हणता तर..." बाईनं दारातून आतल्या फळीवर नजर फिरवली. "ते मध आहे वाटतं? जंगलातलं? एक चमचा मध घेते. आणि केळं असेल तर एक."

मी बाटली काढली. चमचा धुतला. मध दिलं, केळं दिलं. तिनं केळं स्वतः सोललं. मध चाटून म्हणाली, "वा, किती शुद्ध!" पाणी विचारलं तर म्हणाली, "बाटली आहे माझ्याजवळ."

पोरगी आतून आली. हातात ताट. भात, वरण, भाजी, डोंगरासारखं वाढलेलं. आईसमोर खाली बसली आणि खायला लागली.

"अगं, गाडीत खाल्लंस ना आत्ता?" आई म्हणाली.

"भूक लागली परत," पोरगी म्हणाली. बाकी काही नाही. आई मध चाटत होती आणि लेक भात खात होती, आणि मी दारात उभी राहून दोघींना पाहून राहिली होती. आधी मला या लेकीचाच संशय होता. त्या दिवशी तिचीच कीव आली. आपलं माणूस असं उघडं पडताना पाहणं सोपं नसते.

निघताना बाईनं माझे हात हातात घेतले. हाताला हात लावायचं तिला काही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. "मग तुमचा होकार समजायचा ना?" म्हणाली.

"पोरीले माहा होकार आहे," मी म्हटलं. "तुम्हाले मी अजून पाहून राहिली जी."

ती हसली, वाटलं गंमत आहे. मग तिला समजलं की गंमत नाही. हात हळूच सोडले तिनं. "तुम्ही फार स्पष्ट बोलता," म्हणाली.

"आमच्याकडे असंच बोलतात."

लग्न आमच्याकडेच झालं, विहारापुढच्या मैदानात. जेवणाची यादी पोरीनं स्वतः लिहिली, माझ्या ओसरीवर बसून. दूध नाही, दही नाही, तूप नाही. मध तर नाहीच. गोड म्हणून नारळाच्या दुधात शिजवलेली तांदळाची खीर, गूळ घालून. पाटलीनबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "बाई, बिना तुपाचं लगन! मेल्यावर बी आमी तूप टाकतो वो."

मी यादी वाचली. म्हटलं, "पाहुन्यासाठी फळाचे ताट ठेवू. तुह्या आईकडच्यासाठी. केळं, पपई, मोसंबी."

पोरीनं मान हलवली. "फळं नकोत, आई." पहिल्यांदा मला आई म्हणाली ती, आणि त्याच श्वासात यादीतून फळं काढून टाकली. "लग्न आहे. उपास थोडाच आहे कोणाचा? भात, वरण, दोन भाज्या, चटणी, खीर. सगळ्यांना तेच."

"पानी?"

"माठातलं. बाटल्या नकोत. प्लास्टिक फार होतं."

मी बरं म्हटलं.

लग्नाच्या दिवशी तिची आई पंगतीत बसली. बसावंच लागलं, नवरीची आई. डावीकडे पाटलीनबाई, उजवीकडे माझी जाऊ. भात मी स्वतः वाढला. वाढताना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, पत्रावळीकडे पाहत राहिली. पत्रावळीवर पाहिलं तर समजते. भात होता, वरण होतं, शिजलेली खीर होती. लपायला चमचाभर जागा नव्हती. पहिला घास उचलायला बाईला वेळ लागला. इतका की पाटलीनबाई म्हणाली, "खा जी, तूप नाई म्हून रुसल्या का?" मग उचलला. दुसऱ्याला वेळ लागला नाही. खीर तिनं मागून घेतली.

आता सून माझी आहे. मी तिच्यासमोर चहात मध घालते, ती काही म्हणत नाही. मीही तिला देत नाही. माशी देते की नाही, यावर आमचा वाद अजून संपलेला नाही. कधी मला तिचं पटते, कधी खोकला येतो तेव्हा पटत नाही. तिच्या माश्यांच्या दयेवर आता माझा संशय नाही. ती खरी आहे.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. दूध गेलं ते गाईसाठी. मध गेलं ते माशीसाठी. समजलं. फळं यादीतून काऊन काटली? केळ्यात कोणता जीव होता? पपईत कोणाचं पिल्लू चिरडत होतं? ते तिनं कोणासाठी केलं, माशीसाठी की आईसाठी की माझ्यासाठी, हे मी तिला विचारलेलं नाही. दोन-तीनदा तोंडाशी आलं. ती भाजी चिरत असते, माझ्याकडे पाहते, आणि मला वाटते तिला माहीत आहे मी काय विचारणार ते. मग मी म्हणते, "मीठ कमी टाक," आणि ती म्हणते, "टाकलंच नाही अजून, आई."